कोलोनचा अर्धा कोंबडा

माझ्या वडिलांना जर्मन येतं. लहानपणी लोक याचं कौतुक करायचे तेव्हा मी गप्प बसायचे, कारण त्या लोकांना आमच्याकडे रोज जेवायला बसावं लागत नव्हतं. पानात बटाट्याची भाजी पडली की बाबा सांगणार, तिकडे काही भागांत बटाट्याला 'जमिनीतलं सफरचंद' म्हणतात. शेवयांची खीर केली की कुठल्याशा शेवयांची गोष्ट निघणार, ज्यांच्या नावाचा अर्थ म्हणे 'छोट्या चिमण्या'. आई म्हणायची, "चिमण्या राहू देत, खीर गार होतेय." मी तर कधी कधी कान बंद करून जेवायचे. बाबांना त्याचं काही वाटायचं नाही. ते वाटीला सांगितल्यासारखे बोलत राहायचे.

चौतीस वर्षं त्यांनी पुण्यात जर्मन शिकवलं. सकाळी कॉलेज, संध्याकाळी घरी क्लास. पुण्यात जर्मन शिकणाऱ्या पोरांना तोटा नाही. त्यातली निम्मी पुढे शिकायला नाहीतर नोकरीला जर्मनीला गेली. जाताना पाया पडून गेली आणि तिकडून पत्रं पाठवत राहिली. बाबा मात्र एकदाही गेले नाहीत. गावांची नावं, नद्या, रेल्वेचे मार्ग, कुठल्या चौकात कुठलं चर्च, सगळं तोंडपाठ. पाहिलेलं काही नाही.

त्यांची एक वही होती, निळ्या पुठ्ठ्याची, लांबट. तिच्यात जर्मन पदार्थांची नावं आणि ती कुठून आली याची टिपणं. पुढे याचं मराठीत छोटं पुस्तक करायचं, असं मी शाळेत असल्यापासून ऐकत होते. पट्टीने आखलेले पाच रकाने: नाव, अर्थ, उगम, खोट्या कथा, चव. चौथा रकाना त्यांचा लाडका. तो राई नावाच्या धान्याचा काळा, जड पाव असतो ना, पुम्परनिकल, त्याबद्दल सांगतात की कुणा फ्रेंच सम्राटाने तो घोड्याला देऊन टाकला आणि घोड्याच्या नावावरून पावाचं नाव पडलं. बाबांना ही गोष्ट कोणी सांगितली की ते खूश व्हायचे, कारण मग ती खोडून काढता यायची. "गोष्ट फार छान वाटली की समजायचं, कोणीतरी नंतर रचलीय," म्हणायचे. खरा अर्थ म्हणे पोटात वायू धरण्याशी संबंधित आहे. हे ते क्लासमध्ये सदाशिव पेठेतल्या मुलींसमोर इतक्या गंभीरपणे सांगायचे की हसायची कोणाची छाती व्हायची नाही.

पाचवा रकाना कोरा. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरा. "जे तिथे बसून खाल्लं नाही त्याची चव कशी लिहू?" असा त्यांचा सवाल. त्यातून माणूस पक्का शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. म्हणजे वहीतले तीन चतुर्थांश पदार्थ जर्मनीला जाऊनही त्यांना खाता आले नसते. 'खोटा ससा' नावाचा पदार्थ आहे. मला वाटलं, ससा खोटा म्हणजे आपल्याला चालेल. तर तो खिम्याचा निघाला. मी एकदा चिडून म्हटलं होतं, "बाबा, तुम्ही दुसऱ्या कुठल्या तरी गोष्टीची वही करा." ते म्हणाले, "अगं, अर्धा कोंबडा आहे ना."

अर्धा कोंबडा हा त्यांचा हुकमाचा एक्का. कोलोनमध्ये, म्हणजे बाबांच्या उच्चारात क्योल्नमध्ये, बिअरच्या दुकानांत एक पदार्थ मिळतो. नाव 'अर्धा कोंबडा'. मागवला की येतो राईचा पाव, लोणी, चीजचा जाड तुकडा, कांदा आणि मोहरीची चटणी. कोंबड्याचा पत्ताच नाही. का, याच्या चार वेगवेगळ्या कथा, चारही 'खोट्या कथा' रकान्यात, आणि उगमाच्या रकान्यात एक प्रश्नचिन्ह. दर वर्षी क्लासच्या पहिल्या दिवशी बाबा पोरांना सांगायचे, "मी एकदा क्योल्नला जाणार. टेबलाशी बसणार. मोठ्याने अर्धा कोंबडा मागवणार. आणि शाकाहारी राहून उठणार." पोरं हसायची. बाबाही हसायचे. पण मला माहीत होतं, ही गंमत नव्हती. आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट होती.

एकदा संधी आली होती. कॉलेजतर्फे शिक्षकांना तीन महिन्यांचा कोर्स, तिकडे, सगळा खर्च त्यांचा. त्या वर्षी माझी बारावी होती. आमच्याकडे बारावी म्हणजे काय असतं ते पुण्यातल्या माणसाला सांगायला नको. केबल बंद, पाहुणे बंद, लग्नाची आमंत्रणं आली तर एकट्या आईने जाऊन आहेर देऊन यायचं. बाबांनी कोर्सला नाही म्हणून कळवलं. मला कोणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही. मला त्र्याऐंशी टक्के पडले.

आई गेल्यानंतर दोन वर्षांनी, दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात, बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आयर्लंडला आले. आम्ही स्वोर्ड्सला राहतो, डब्लिन विमानतळाच्या अगदी जवळ. मी रोज बसने ग्रँड कॅनाल डॉकला ऑफिसला जायचे, नवरा त्याच्या ऑफिसला, आणि आठ वर्षांची लेक सुट्टी असल्याने आजोबांबरोबर घरी. आमच्या घराजवळ एक जर्मन सुपरमार्केट आहे. बाबांना ते सापडलं आणि माझा जीव हैराण झाला. दूध आणायला गेलेला माणूस तास-तास परत येत नाही. शोधायला जावं तर हे बिस्किटांच्या रांगेत उभे, चष्मा कपाळावर, पाकीट नाकाशी. पाकिटामागे त्या पदार्थाची गोष्ट छापलेली असायची आणि ती हमखास खोटी निघायची. मग काउंटरवरच्या पोरीला समजावून सांगायचं. ती बिचारी "ग्रँड, ग्रँड", म्हणजे इथलं 'बरं, बरं', म्हणत पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघायची. मागे रांग. मी लाजेने अर्धी.

"बाबा, चव लिहा आता," मी एकदा तो काळा पाव लसणाच्या चटणीबरोबर त्यांच्या पुढ्यात ठेवून म्हटलं. "मिळतो इथेच."

"हे पाकिटातलं," ते म्हणाले, आणि दोन तुकडे खाल्ले.

तेव्हाच माझ्या डोक्यात आलं. घराच्या गच्चीवरून म्हणता येईल इतक्या जवळून विमानं उडतात, कोलोन दोन तासांच्या आत. काय डोंबलाचं अडलंय? आदल्याच वर्षी आम्हाला आयरिश नागरिकत्व मिळालं होतं. मोठ्या हॉलमध्ये शपथ घेतली होती, डाळिंबी रंगाचा पासपोर्ट हातात आला होता. तेव्हापासून आम्ही स्पेनला गेलो, पॅरिसला गेलो, मनात आलं की तिकीट काढलं आणि गेलो. तशीच मी ऑगस्टमधल्या एका शनिवारची तीन तिकिटं काढली. बाबा, मी आणि लेक. नवऱ्याला सुट्टी नव्हती.

तिकिटं छापून मी चहाच्या वेळी त्यांच्या बशीखाली ठेवली. बाबांनी कागद उलगडला, वाचला, परत वाचला. मला वाटलं आता डोळे भरतील. ते म्हणाले, "कोलोन नाही, क्योल्न." मग थोड्या वेळाने विचारलं, "ही तिकिटं परत होतात का गं?"

माझं डोकंच फिरलं. "नाही होत. स्वस्तातली आहेत. आणि कशाला परत करायची? एवढं हौसेने काढलंय, तर म्हणे परत होतात का."

"मग राहू दे," ते म्हणाले.

पुढचे दोन आठवडे घरात दुसरा विषय नव्हता. बाबांनी बॅग भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. दोन रात्रींसाठी. कपडे सुरळी करून ठेवायचे की घडी घालून, यावर त्यांनी नातीचं बौद्धिक घेतलं. पुण्याहून आणलेला निळा ब्लेझर तीन वेळा हँगरला लावून वाफेवर धरला. मला दशम्या करायला लावल्या, प्रवासात असाव्यात म्हणून. संध्याकाळी ऑफिसातून यावं तर लेक कमरेला नॅपकिन बांधून वेटर झालेली आणि बाबा स्वयंपाकघराच्या टेबलाशी ताठ बसून तिकडच्या बोलीत ऑर्डर देताहेत. पोरगी एरवी मराठीत विचारलं तरी आयरिश इंग्रजीत उत्तर देते, पण ते एक वाक्य तिने असं उचललं की बाबा म्हणाले, "माझ्या चौतीस वर्षांत असा उच्चार कोणी केला नाही." मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं. आपण काहीतरी फेडलं, असंच वाटलं.

शनिवारी सकाळी विमानतळावर माझा आणि लेकीचा पासपोर्ट बघून काउंटरवरच्या बाईंनी मान हलवली. बाबांचा भारतीय पासपोर्ट त्यांनी हातात घेतला आणि पान पान उलटायला लागल्या. शेवटपर्यंत गेल्या, परत पहिल्यापासून आल्या.

"यांचा जर्मनीचा व्हिसा कुठे आहे?"

मी म्हटलं, "आहे की व्हिसा, तो काय, तिसऱ्या पानावर."

"तो आयर्लंडचा आहे."

"मग? आयर्लंड युरोपातच आहे ना? तिथेही युरोच चालतात ना?" माझा आवाज चढला होता. आणि ते वाक्य पुरं होता होता मला आठवलं. आठ वर्षं मी स्वतः अशाच भारतीय पासपोर्टवर याच देशात राहिले होते. आठ वर्षं दर सुट्टीच्या आधी बँकेची पत्रं, ऑफिसची पत्रं, फोटो, अपॉइंटमेंट. आयर्लंडचा व्हिसा पलीकडे, बाकीच्या युरोपात, चालत नाही, हे इथलं आपलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आम्ही मराठी मंडळी जमलो की पहिला अर्धा तास दुसरा विषय नसायचा. आणि वर्षभर डाळिंबी पासपोर्ट काय मिरवला, मी ते साफ विसरले. इतकी साफ की बापाचा पासपोर्ट हातात धरून एकदा उघडूनही बघितला नाही.

तरी मी भांडले. भांडण्यासारखं काही नव्हतं म्हणून जास्तच भांडले. त्यांचं वय सांगितलं, जर्मन शिकवतात हे सांगितलं, दोनच रात्री हे सांगितलं. त्या बाई शांतपणे म्हणाल्या की व्हिसा आणलात तर आनंदाने सोडू, पण पाहुणे म्हणून आलेल्यांना तो त्यांच्या देशातूनच काढून आणावा लागतो. मागची माणसं बघत होती. बाबा माझ्या शेजारी ब्लेझर घालून उभे होते. "चल," म्हणाले, "त्यांची काय चूक?"

तो शांतपणा मला सहन होईना. बसमध्ये मी सगळ्यांवर चिडले. नियमांवर, नवऱ्यावर, त्याला तरी आठवायला काय झालं होतं म्हणून, आणि स्वतःवर तर विचारू नका. "तुम्ही पुण्याला गेलात की लगेच मुंबईला व्हिसाचा अर्ज करा," मी बाबांना म्हटलं. "मी सगळे कागद पाठवते. पुढच्या वर्षी जाऊ." ते "बघू" म्हणाले. लेक खिडकीबाहेर बघत होती. तिने एकदाही रडारड केली नाही, का परत चाललोय ते विचारलंही नाही. माझ्या तेव्हा ते लक्षात आलं नाही.

घरी आले आणि चहासाठी प्रेस उघडली. इथे स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेसच म्हणतात, आम्हीही म्हणतो. डब्यामागे एक पिशवी. तिच्यात राईचे चार पाव, मोहरीची बाटली, दोन कांदे. फ्रीज उघडला तर खालच्या कप्प्यात चीजचा मोठा तुकडा. मी आणलेलं नव्हतं. नवरा असलं काही आणत नाही.

"हे कोणी आणलं?"

"आजोबा अँड मी, ऑन थर्सडे," लेक म्हणाली. मग जरा थांबून, "ही टोल्ड मी ऑन द फर्स्ट डे दॅट वी वुडन्ट बी अलाउड ऑन द प्लेन. इट वॉज अ सीक्रेट."

पहिल्या दिवशी. म्हणजे बशीखाली कागद ठेवला त्या दिवशी.

मी बाबांच्या खोलीत गेले. ते बॅग उघडून कपडे बाहेर काढत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"व्हिसा लागतो हे? हो."

"कधीपासून?"

"अगं, कधीपासून काय? चौतीस वर्षं पोरांचे अर्ज तपासून दिलेत मी. कुठल्या चौकोनात काय लिहायचं ते पाठ आहे."

"मग त्याच दिवशी बोलला का नाहीत?"

"विचारलं होतं ना तुला, परत होतात का म्हणून."

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात, ती कशी जाते ते मला तेव्हा कळलं. मी ओरडले. बापावर मी आयुष्यात इतकी ओरडले नव्हते. म्हटलं, हे सांगणं झालं? तिथे सगळ्यांसमोर माझा पोपट होऊ दिलात. मी त्या बाईशी वेड्यासारखी भांडतेय आणि तुम्ही शेजारी उभे राहून बघताय. दोन आठवडे मला दशम्या करायला लावता, पोरीला वेटर करता, आणि सगळं माहीत असून. मला मूर्ख ठरवायचं होतं का?

"नाही गं," ते म्हणाले. "तू भांडायला लागलीस तेव्हा मलाही वाटलं, आधी सांगायला हवं होतं. ते माझं चुकलंच."

"मग का?"

बाबांनी ब्लेझरच्या बाह्या मागे दुमडल्या. तो पलंगावर ठेवला, परत उचलला.

"पोरं जायच्या आधी घरी यायची," ते म्हणाले. "सर, बॅग कशी भरू, विचारायची. मी सांगायचो. लोकरीचं काय न्यायचं, किती न्यायचं, लोणचं कशात बांधायचं. चौतीस वर्षं सांगत होतो. मला एकदा माझी भरायची होती."

मी त्यांना जवळ घेतलं, रडले, असं काही झालं नाही. मी दार लावून बाहेर आले आणि चहा केला. राग गेला नव्हता, फक्त आता तो कोणावर काढायचा ते समजत नव्हतं.

दुपारी लेकीने नॅपकिन बांधला. बाबांनी त्यांचं वाक्य म्हटलं, नेहमीसारखं मोठ्याने नाही, पण म्हटलं. तिने बशीतून पाव, चीज, कांदा, मोहरी आणली. त्यांनी सगळं संपवलं, कांदासुद्धा. मी निळी वही आणि पेन त्यांच्या पुढ्यात आपटलं.

"लिहा. पाचवा रकाना. लिहा आता."

"हे स्वोर्ड्स आहे," ते म्हणाले, आणि वही मिटली. "चीज चांगलं आहे पण."

मुंबईच्या अर्जाबद्दल मी पुढचे तीन आठवडे रोज बोलले. कागदांची यादी केली, फाइल केली, तिच्यावर त्यांचं नाव लिहिलं. ते रोज "बघू" म्हणाले. तो अर्ज त्यांनी कधी केला नाही, आणि जर्मनीलाही ते गेले नाहीत.

परत जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना सकाळपासून तीनदा आठवण केली की बाबा, बॅग भरून ठेवा, टॅक्सी लवकर येणार आहे. चौथ्यांदा गेले तर ते खुर्चीत पेपर वाचत बसलेले, बॅग पलंगावर उघडी, रिकामी.

"तूच भर," ते म्हणाले. "मला कंटाळा आलाय."

मी भरली. ब्लेझर तळाशी घातला, वही वर ठेवली. त्यांनी पेपरातून मान वर केली नाही.